नक्कल मशीनची, रुजवात आपली: टायपिंग-भाषांतराच्या दुकानात एआय कसं वापरायचं

सुरुवातीलाच सांगून देते, मी काही आयटीवाली नाही. नागपूरला सिव्हिल लाईन्समध्ये कोर्टाच्या आसपास आमचं टायपिंग, झेरॉक्स आणि भाषांतराचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक मोठी झेरॉक्स मशीन जी दर पावसाळ्यात कागद खाते, आणि आम्ही तीन माणसं: मी, एक काकू ज्या रुजवात घेतात (म्हणजे नक्कल मूळ कागदाशी जुळवून पाहतात), आणि एक पोरगा जो सध्या शिकून राहिला आहे. गेल्या दोन-अडीच वर्षांत एआयनं आमचा धंदा पार उलटापालटा करून टाकला आणि आजूबाजूचे लोक रोज विचारतात की ताई तुम्ही नेमकं कसं वापरता, म्हणून एकदाचं लिहून टाकते. टायपिंगवाल्यांसाठीच आहे असं नाही, ज्यांच्या हातून दुसऱ्याचा कागद जातो त्या सगळ्यांच्या कामाचं आहे, सेतूवाले, अकाउंटवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, कोणीही.

आधी आमचं काम काय ते. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, घटनेच्या कलम ३४८ मुळे, आणि खाली तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात, तहसीलमध्ये, पोलीस स्टेशनला बहुतेक सगळं मराठीत. म्हणजे केस वर गेली की खरेदीखत, सातबारा, फेरफार, साक्षीदाराचा जबाब, पंचनामा, सगळ्याचं इंग्रजी करावं लागतं. पूर्वी वीस पानांचं काम म्हणजे दोन दिवस. आता पहिला खर्डा चहा थंड व्हायच्या आत येतो. गंमत अशी की काम संपायला तरी एक दिवस लागतोच, आणि तो एक दिवस कुठं जातो तेच इथं लिहायचं आहे.

ज्यांनी कोर्टाची नक्कल काढली आहे त्यांनी पाहिलं असेल, नक्कल कोणी केली आणि रुजवात कोणी घेतली याची वेगवेगळी नोंद असते. रुजवात म्हणजे एकानं मूळ कागद वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून जुळवायचं. ही पद्धत कार्बन पेपरच्या काळातली आहे, हातानं नकला उतरवायच्या तेव्हापासूनची. आता नक्कल मशीन, म्हणजे एआय, करते, रुजवात आपण घ्यायची. माझं एआयचं सगळं ज्ञान एवढंच आहे, पण हे एवढं नीट करायला मला दीड वर्ष लागलं.

कोणतं काम द्यायचं

माझा हिशोब साधा आहे. जे काम करण्यापेक्षा तपासायला कमी वेळ लागतो ते मशीनला द्यायचं. जे तपासायला करण्याइतकाच वेळ जातो ते सरळ हातानं करायचं, उगाच मशीनच्या नादी लागू नये.

टाईप केलेला दावा किंवा लेखी जबाब असेल तर देऊन टाका, वाक्यं सरळ असतात, ओळीला ओळ लावून तपासता येतं. छापील नमुन्यातली नोटीस, अर्ज, प्रतिज्ञापत्राचा साचा, हे तर डोळे झाकून नाही म्हणत पण अर्धे झाकून दिलं तरी चालतं. पटवारीच्या हस्ताक्षरातला जुना फेरफार देऊ नका. त्यात १ आहे की ९ आहे हे पाहायला मलाच भिंग लागतं, मशीन तर ठोकून देते, आणि मग प्रत्येक अक्षर परत पाहावंच लागतं तर मेहनत वाचली कुठं? रबरी शिक्के, समासातल्या नोंदी, खोडाखोड केलेल्या ओळी याही हातानंच. आकड्यांचा तक्ता असेल तर मशीनकडून टाईप करून घ्या पण बेरीज तिला विचारू नका, एक्सेलमध्ये टाका किंवा कॅल्क्युलेटर घ्या, बेरीज मूळ कागदाशी जुळली की तक्ता बहुतेक बरोबर उतरला समजा.

आणि कायद्याचा सल्ला मशीनला विचारून गिऱ्हाईकाला सांगायचा नाही. मलाही विचारायचा नाही म्हणा, मी वकील नाही, पण लोकांना काउंटरवर फुकट सल्ला लागतोच.

द्यायच्या आधी कागदाची तयारी

पहिली भानगड फॉन्टची. आपल्याकडे अजून कितीतरी ऑफिसात कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेल्या फायली येतात. दिसायला मराठी, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्टनं फक्त वरून मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. ते कॉपी करून एआयमध्ये टाकलं की तिला गिचमिड दिसते, आणि कधी कधी ती त्या गिचमिडीचंही आत्मविश्वासानं भाषांतर करून देते, हे जास्त वाईट. म्हणून आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार, ष आणि श, आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला. कन्व्हर्टर तिथंच मार खातो.

दुसरं, स्कॅन. मोबाईलनं तिरपा फोटो काढून पाठवू नका. सरळ, ३०० डीपीआय, सावली नको. कागद पुसट असेल तर मशीन "वाचता येत नाही" असं आपणहून क्वचितच म्हणते, ती जिथं दिसत नाही तिथं शोभेलसा शब्द बसवते. ती बनलीच तशी आहे ना बाप्पा, पुढं कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त ते काढत काढत वाक्य लिहिते. त्यामुळे तिचं खोटंही गुळगुळीत असतं.

तिसरं, आणि यात आळस केलेला मी कितीतरी जणांचा पाहिला आहे, लोकांची खाजगी माहिती. आपल्या दुकानात माणूस आधार कार्ड, बँक पासबुक, घटस्फोटाचे कागद विश्वासानं ठेवून जातो. ते तसंच्या तसं फुकटच्या ॲपमध्ये टाकायचं नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला, पण कायदा नसता तरी हे बरं दिसतं का सांगा. आधी सेटिंगमध्ये जाऊन तुमचे चॅट ट्रेनिंगला वापरू नयेत हा पर्याय शोधून निवडा. मग नावांच्या जागी खुणा टाका. मी अर्जदाराला क-१, त्याच्या भावाला क-२, बायकोला क-३ असं करते, आधार नंबर पूर्ण उडवते, आणि कोणती खूण कोणाची ती यादी कागदावर पेननं लिहून फाईलीला पिन करते. भाषांतर आलं की फाईंड-रिप्लेस मारून नावं परत.

याचा दुसरा फायदा मला नंतर कळला. मशीन एकाच कागदात एकाच माणसाचं स्पेलिंग बदलते. चौधरी पहिल्या पानावर 'सीएचएयू'नं, तिसऱ्या पानावर 'सीएचओयू'नं. ज्यानं पासपोर्टसाठी खेटे घातले आहेत त्याला विचारा एका अक्षरानं काय होतं. खुणा वापरल्या की स्पेलिंग आपल्या हातात राहतं, आणि ते गिऱ्हाईकाच्या आधारवरून किंवा पासपोर्टवरून घ्यायचं, त्याच्याकडूनच यादीवर सही घ्यायची. एका दगडात दोन पक्षी.

लहान पोरांवरच्या किंवा बायांवरच्या अत्याचाराच्या केसचे कागद मात्र मी ऑनलाईन टाकतच नाही, नावं झाकूनसुद्धा नाही. पीडितेची ओळख उघड होणं हा गुन्हा आहे, पोक्सोच्या कलम २३ मध्येही आहे आणि नवीन न्याय संहितेच्या ७२ मध्येही, आणि गाव, शाळा, नातं यावरूनही ओळख कळते. ते काम जुन्या पद्धतीनं, दार लोटून.

मशीनला सांगायचं कसं

नुसतं "हे इंग्रजी कर" म्हटलं तर ती निबंध लिहिते. तिला मूळ कागदापेक्षा चांगलं लिहायची फार हौस. साक्षीदार अडखळत बोलला असेल तर जबाबातही अडखळणं राहिलं पाहिजे, ही तिथं इस्त्री फिरवते. मी दरवेळी आधी हे टाकते, पाहिजे तर तुम्हीही उतरवून घ्या:

"हा नागपूर जिल्ह्यातला जमिनीच्या व्यवहाराचा कागद आहे, हायकोर्टात दाखल करायचा आहे. ओळीला ओळ इंग्रजी कर. काही गाळू नको, काही जोडू नको, पुन्हा आलेलं वाक्य पुन्हाच लिही. मूळ वाक्य बोजड असेल तर बोजडच ठेव. जे वाचता येत नाही तिथं 'अस्पष्ट' लिही, अंदाज लावू नको. क-१, क-२ अशा खुणा तशाच ठेव. तारीख आधी दिवस मग महिना. लाख आणि कोटी तसेच ठेव, मिलियन करू नको. खाली दिलेल्या शब्दांना मी दिलेलेच इंग्रजी शब्द वापर. शेवटी ज्या शब्दांबद्दल तुला शंका आहे त्यांची यादी दे."

शेवटची ओळ विसरू नका. तिच्या यादीत नसलेल्या चुकाही निघतातच, पण यादीमुळे पहिल्यांदा कुठं पाहायचं ते कळतं. आणि वीस पानं एकदम कोंबू नका, दोन-तीन पानांचे तुकडे करा. लांब कागदात मध्ये कुठंतरी ती घाई करते, आपल्यासारखीच.

तारखेचं सांगते. ०३/०४ लिहिलं असेल तर ती कधी ३ एप्रिल करते कधी ४ मार्च. मुदतीच्या केसमध्ये हा एक महिना म्हणजे केस आत की बाहेर. आणि पावणेदोन लाख, अडीच एकर, साडेसात हजार असे शब्द आले की तिथं बोट ठेवायचंच, पावणेदोनचे दोन झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

शब्दांची वही

हा भाग मी सगळ्यात आवडीनं लिहून राहिली आहे, कारण आमचं दुकान अजून उघडं आहे ते या वहीमुळं.

मशीन मराठी शिकली ती पेपर, वेबसाईट, पुस्तकं यातून. गुगलच्या ट्रान्सलेटमध्ये नवीन न्यूरल पद्धत मराठीला २०१७ च्या एप्रिलमध्ये आली आणि तेव्हापासून भाषांतर खरंच सुधारलं, नाकारण्यात अर्थ नाही, चॅटजीपीटी आल्यावर तर अजूनच. पण इंग्रजीच्या मानानं मराठी मजकूर नेटवर चिमूटभर, त्यातही वऱ्हाडी-नागपुरी बोली कोण लिहून ठेवते? आम्ही बोलतो एक आणि लिहिताना पुण्याचे होतो. म्हणून जबाबात खेड्यातला माणूस जसा बोलला तसा उतरवला असेल की मशीन फसते.

वावर. आपल्याकडे वावर म्हणजे शेत, लहान पोरालाही माहीत. प्रमाण मराठीत वावर म्हणजे ये-जा, असणं. "आरोपी माझ्या वावरात आला" याचं तिनं केलं की आरोपी माझ्या सान्निध्यात आला. धुरा. दोन वावरांमधला बांध, विदर्भातली निम्मी भांडणं धुऱ्यावरून होतात. तिला धुरा म्हणजे नेतृत्वाची धुरा माहीत, तर दोन भावांमध्ये "नेतृत्वावरून वाद" झाला असं इंग्रजी आलं, जणू काय पक्षाचं तिकीट वाटून राहिले! मृग बहार तर विचारूच नका. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या केसमध्ये आंबिया बहार आणि मृग बहार येणारच, आंबियाचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचा जून-जुलैत, मृग नक्षत्राच्या पावसावर येतो म्हणून मृग. मशीननं केलं हरणाचा वसंत. नुकसानभरपाईच्या अर्जात. हरणाच्या वसंताचे एकरी किती रुपये मागायचे?

जमिनीच्या कागदातलेही आपले शब्द वेगळे. नागपूर जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, म्हणून खरेदीखतात मौजा, खसरा नंबर, पटवारी हलका नंबर असतात. हलका म्हणजे एका पटवाऱ्याकडची गावं, त्याचा नंबर थोडक्यात प.ह.नं. लिहितात, आणि एकदा मशीननं त्याचा फोन नंबर केला. पुढं आकडा दोनच होता, तरी फोन नंबर! सालदार, बटई, मक्ता, पोटखराबा, आणेवारी, भोगवटादार वर्ग-२, हे सगळे वहीत आहेत. काहींना इंग्रजी प्रतिशब्द आहे, काहींना नाही. जिथं नाही तिथं मूळ शब्द इंग्रजी लिपीत ठेवायचा आणि पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत अर्थ द्यायचा, ओढून-ताणून भाषांतर करू नये. क्षेत्रफळ सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असतं, ०.४०.५० असं. ते तिला कधी तारीख वाटते कधी वेळ वाटते, म्हणून वहीत उदाहरणासकट लिहून ठेवलं आहे की हे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर.

वही कशी करायची? एक्सेलमध्ये तीन रकाने: आपला शब्द, इंग्रजी काय लिहायचं, आणि कोणत्या प्रकारच्या कागदात. दर वेळी चूक सापडली की त्याच मिनिटाला नोंद करा, संध्याकाळी करू म्हटलं की राहिलंच समजा. मी माझी निम्मी वही मे महिन्यात भरली, कोर्टाला सुट्ट्या, बाहेर नवतपा, कूलर घुं घुं करून राहिला आणि गिऱ्हाईक एक नाही. प्रत्येक कामाला पूर्ण वही टाकू नका, त्या कागदाला लागतील ते पंधरा-वीस शब्द निवडून टाका. दोनशे शब्द टाकले तर ती त्यातले काही विसरून जाते.

रुजवात

आता तो एक दिवस कुठं जातो ते.

मी एकदा चांगली आपटले. खरेदीखतात प्लॉटची चतुःसीमा असते, पूर्वेस काय पश्चिमेस काय. त्या प्लॉटच्या पूर्वेलाही तीस फुटी रस्ता होता आणि पश्चिमेलाही तीस फुटी रस्ता. मशीनला वाटलं असणार एकच ओळ दोनदा आली, तिनं पश्चिम गाळून टाकली. तीन दिशांचा प्लॉट. मी इंग्रजी वाचलं, इतकं छान सरळ इंग्रजी होतं की मला काही टोचलंच नाही, खाली सही ठोकून देऊन टाकलं. वकीलसाहेबांच्या ज्युनिअरनं फायलिंगच्या आधी पकडलं म्हणून वाचले, नाहीतर चारचौघांत शोभा झाली असती. ज्युनिअरला मी अजूनही झेरॉक्सचे पैसे लावत नाही.

चूक माझी अशी की मी भाषांतर *वाचलं*. वाचायचं नसतं, जुळवायचं असतं. वाचताना डोकं अर्थ लावत पुढं पळते आणि जे नाही ते दिसत नाही. तेव्हापासून आमची पद्धत अशी:

मशीनला कागद देण्याच्या आधी मूळ कागदाच्या झेरॉक्सवर पिवळ्या मार्करनं प्रत्येक आकडा, तारीख, नाव, दिशा आणि "नाही" हा शब्द रंगवायचा. "नाही" का? कारण लांबलचक वाक्यात नकार हरवला की उलटा अर्थ होतो. पानावर किती पिवळ्या खुणा झाल्या तो आकडा कोपऱ्यात लिहायचा. भाषांतर आलं की त्यावर टिक मारत जायचं, सेहेचाळीस तर सेहेचाळीस, पंचेचाळीस चालत नाही. परिच्छेदही मोजायचे.

मग काकू मूळ मराठी मोठ्यानं वाचतात आणि मी इंग्रजीवर बोट फिरवते. उलटं करू नका, इंग्रजी मोठ्यानं वाचून मराठीवर बोट, त्यात गाळलेलं सापडत नाही. आणि ज्यानं मशीन चालवली त्यानं एकट्यानं रुजवात घ्यायची नाही, आपण घडवलेल्या गोष्टीवर आपला जीव बसतो.

काकूंचं उदाहरण देते म्हणजे कळेल माणूस कशाला ठेवायचा. मारहाणीच्या केसमधला जबाब होता, साक्षीदार काटोलकडचा: "तो त्याले काठीनं मारून राहिला होता, म्या धावत गेलो." मी इंग्रजीवर बोट ठेवून होते आणि काकू थांबल्या. म्हणाल्या, परत वाच काय लिहिलं. लिहिलं होतं की त्यानं त्याला काठीनं ठार केलं होतं आणि तो तिथंच थांबला होता. अरे देवा. मारून राहिला म्हणजे मारत होता! आपल्याकडे येऊन राहिला, खाऊन राहिला, सगळं चालू असलेलं. ज्याला मार बसला तो माणूस जिवंत, तोच फिर्यादी. मशीननं मारहाणीचा खून करून टाकला, आणि वाक्य व्याकरणात एकदम चोख. आता वहीत पहिल्याच पानावर आहे: "करून राहिला म्हणजे क्रिया चालू आहे". सांगितलं की बहुतेक वेळा बरोबर करते, प्रत्येक वेळी नाही.

मोठ्या ठिकाणीही शेवटी हेच चाललं आहे. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये 'सुवास' नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, त्यातून निघालेलं भाषांतरही माणसं तपासतात. केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये खालच्या कोर्टांसाठी एआयचं धोरण काढलं, त्यात निर्णयाला एआय वापरायचा नाही आणि भाषांतर झालं तर जाणकार अनुवादकानं किंवा न्यायाधीशानं तपासायचं असं आहे. मी ते वाचून काकूंना म्हटलं, तुमची नोकरी पक्की. त्या म्हणाल्या, पगार कधी वाढवते?

कलमं आणि निकाल

थोडक्यात सांगते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८. पण गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनीच कलमं लागतात. मशीन कधी कधी मदत म्हणून कलम "सुधारून" देते. भाषांतरात कलम जसं आहे तसं राहिलं पाहिजे, चूक असली तरी. चूक दिसली तर वकिलाला चिठ्ठीवर लिहून द्या, कागदात हात घालू नका.

आणि कोणी ज्युनिअर म्हणाला की ताई यावर दोन-चार निकाल शोधून टाकून द्या एआयमधून, तर हात जोडा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निकाल कोर्टात लावले, ते निकाल जगात कुठंच नव्हते, पाच हजार डॉलरचा दंड बसला. दंड मशीनला नाही झाला, हे लक्षात घ्या.

नवीन पोराला कसं शिकवायचं

यावर माझी आणि शेजारच्या दुकानवाल्याची रोज वादावादी. तो म्हणतो पोराला सरळ एआयच शिकवा, टायपिंग-बियपिंग कशाला. मला पटत नाही. आमचा पोरगा आला तेव्हा पहिले तीन महिने मशीन बंद. आधी मराठी तीस स्पीडची परीक्षा दे, मग वीस खरेदीखतं हातानं इंग्रजी कर, रडला बिचारा. पण ज्यानं चतुःसीमा हातानं वीस वेळा लिहिली त्याला तीन दिशांचा प्लॉट दिसला की आपोआप खटकते. ज्यानं कधी लिहिलीच नाही त्याला काय खटकणार?

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत बटूमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा दुकानात दोन दिवस तोच विषय. आजकालचे सगळेच मोठे खेळाडू घरी इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर, लावून तयारी करतात, कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला १९९७ मध्येच हरवलं होतं आणि आता तर मोबाईलमधलं इंजिनही भल्याभल्यांना भारी पडते. पण पटावर बसल्यावर मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. मी पोराला म्हटलं, तुझंही तसंच, वकीलसाहेब समोर उभे राहून विचारतील हा शब्द असा का केला, तेव्हा फोन काढशील का?

आता त्याचा सराव असा घेते: भाषांतर झालेल्या एका पानात मी मुद्दाम पाच चुका पेरते, एक आकडा, एक नाव, एक दिशा, एक गाळलेली ओळ आणि एक अर्थाची. पाचही सापडल्या तर तर्री पोहे माझ्याकडून. सुरुवातीला दोन सापडायच्या. मागच्या आठवड्यात सहा काढून आणल्या, आता सहावी माझ्याकडून झाली की मशीनकडून यावर आमचं अजून भांडण चालू आहे, पोहे मात्र द्यावे लागले.

पैशाचं

"एआय तर फुकटात करते, तुम्ही कशाचे घेता?" हे रोज एक जण तरी विचारतो. चिडू नका. पूर्वी आम्ही पानावर पैसे घ्यायचो, ते आता जमत नाही, कारण टाईप करायला खरंच वेळ लागत नाही आणि गिऱ्हाईकाला ते माहीत आहे. मी बिलावर दोन ओळी वेगळ्या करते, खर्डा इतका, रुजवात इतकी. खर्ड्याचे पैसे मी बरेच कमी केले, रुजवातीचे वाढवले. कोणी म्हणाला की खर्डा मीच एआयमधून काढून आणतो, तुम्ही फक्त तपासा, तर आणू द्या, पण मूळ कागदही आणायला सांगा आणि दर तोच लावा, कारण दुसऱ्यानं कशातून काय काढलं ते तपासायला आपल्या खर्ड्यापेक्षा जास्तच वेळ जातो, वही लावलेली नसते, नावांची खिचडी असते.

लपवू नका मात्र. मी विचारण्याआधीच सांगते की पहिला खर्डा मशीनचा आहे, मूळ मराठीशी शब्दाला शब्द आम्ही दोघींनी जुळवला आहे, आणि खाली सही माझी. भाषांतराच्या शेवटी तसं एक वाक्यही टाकते. दोन-तीन गिऱ्हाईकं यावरून निघून गेली, त्यातलं एक महिन्याभरात परत आलं, वेगळ्या दुकानातून करून आणलेला कागद घेऊन, दुरुस्त करून द्या म्हणून.

तो कागद वाचून पाहिला तर पहिल्याच पानावर फोन नंबर, आकडा दोनच. मी काही बोलले नाही, दर सांगितला. अर्जंटचे वेगळे.